पांढऱ्या झेंड्यापर्यंत काटा हलला पाहिजे

मी विमान बांधलंय हे आमच्या भागात पसरल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. ॲव्हरेज किती देतं, आणि पडलं तर काय? पहिल्याचं उत्तर मी देतो. दुसऱ्याचं देत नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, नुसती मजा हवी असते.

पण वर्षातून एखादा फोन वेगळा येतो. कुठल्या तरी गावात कुणीतरी माझ्यासारखाच खोकी उघडून, नळ्या जोडून, कापड ताणून विमान उभं केलेलं असतं आणि आता त्याला ते पहिल्यांदा उडवायचं असतं. तो विचारतो, "पहिल्या दिवशी काय सांभाळू?" मी त्याला आधी विचारतो, "घरी कोणकोण आहे?" माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, हा विम्याचं बोलतोय.

मला हा प्रश्न का विचारावासा वाटतो, ते लिहून ठेवतो.

माझं चिखलीला मोटारी आणि पंपांचं दुकान. जळालेली मोटर भरून देणे हा धंदा, राहणं उंद्रीत. विमान शिकायला मी चाळिशी उलटल्यावर गेलो. दोन हिवाळे बाहेरच्या एका क्लबात काढले, परवाना घेतला आणि मग किट मागवलं. दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान, ॲल्युमिनियमच्या नळ्या, वरून कापड, पुढे एक पंखा. बांधायला अडीच वर्षं लागली, कागदपत्रांना त्याहून जास्त. नटबोल्ट निदान कुठे बसायचा ते ठरलेलं असतं. कागदाचं तसं नाही.

या सगळ्यात मला एकच गुरू मिळाला. वायुदलातून निवृत्त झालेले, बुलढाण्यात मुलीकडे राहणारे एक गृहस्थ. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांना ते आवडायचं नाही, पण अडवलंही नाही. दर रविवारी एसटीने यायचे, उभ्या उभ्या काम बघायचे आणि जे चुकलं असेल ते बोटाने ठोकून दाखवायचे. चांगलं झालं असेल तर काही बोलायचे नाहीत. मी दिवसचे दिवस त्यांच्या न बोलण्यावर खूश असायचो.

विमान जोडून झालं तेव्हा मला वाटलं, आता झालंच. उस्ताद म्हणाले, "आता सुरू झालं."

मग त्यांनी मला दोन महिने नाचवलं. अडत्याकडून धान्याचे तीन वजनकाटे आणले, तिन्ही चाकांखाली ठेवले आणि विमान तोललं. पुढे वजन किती, मागे किती, मी बसल्यावर किती, टाकी भरल्यावर किती. शेपटीकडे वजन जास्त झालं तर विमान नाक वर करतं आणि खाली घ्यायचं नाव घेत नाही. मग पुढचं चाक विटांवर चढवून नाक आकाशाकडे केलं, इंजिनाजवळची नळी काढली आणि पेट्रोल बाटलीत सोडून घड्याळ लावलं. चढताना इंजिन जेवढं पितं, त्याच्या दीडपट तरी आलं पाहिजे. पहिल्यांदा आलं नाही. नळीत एक बारीक वळसा होता, माझ्याच हातचा. तो जमिनीवर सापडला म्हणून मी आज लिहितोय.

धावपट्टी आमच्याच शेतात केली. काळ्या मातीत चाक रुततं, म्हणून मुरूम टाकून दाबून घेतला. पहाटे त्यावर रोही, म्हणजे नीलगाई, येऊन बसायचे, त्यांना हाकलण्यासाठी एक फेरी मोटारसायकलने मारावी लागे. पट्टीच्या कडेला बांबूवर दोन झेंडे लावले. पहिला पांढरा, दुसरा लाल. उस्तादांनी जागा पावलांनी मोजून ठरवल्या. म्हणाले, "पांढऱ्या झेंड्यापर्यंत वेगाचा काटा हलला पाह्यजे. नाही हलला तं इंजिन बंद. लाल झेंड्याच्या पुढं तुले थांबायले जागा नाही."

वेगाचा काटा म्हणजे गाडीसारखा चाकावर चालणारा नव्हे. पंखाखाली पेन्सिलएवढी एक नळी पुढे तोंड करून असते. विमान धावलं की तीत हवा घुसते आणि त्या दाबावर काटा चालतो. जमिनीवर ही नळी कुणाच्या डोळ्यातही भरत नाही. हवेत मात्र सगळा जीव तिच्यावर. विमानाचा वेग कमी पडला की पंख हवा सोडतात आणि ते दगडासारखं खाली येतं. जुन्या, सवयीच्या विमानात आवाजावरून, हातातल्या दांड्याच्या हलकेपणावरून अंदाज येतो. पहिल्यांदाच उडणाऱ्या विमानात कसला अंदाज? ते कुणालाच माहीत नसतं.

पुढच्या शेतांतूनही उस्तादांनी मला पायी फिरवलं. चढताना इंजिन बंद पडलं तर मागे वळायचं नाही, समोर जे असेल त्यात उतरायचं, हा नियम. म्हणून समोर काय आहे ते पायाखालून जायला हवं. एका कपाशीवाल्याला मी हात जोडून सांगितलं की कदाचित तुमच्या वावरात पडेन. तो म्हणाला, "पडा न जी. पण वेचणी झाल्यावर पडा."

आणि उस्तादांचे आणखी दोन नियम होते. त्या दिवशी कोणालाही बोलवायचं नाही. आणि तपासणी झाल्यावर विमानाला कोणाचा नुसता हात जरी लागला, तरी तपासणी पुन्हा पहिल्या ओळीपासून.

दोन्ही मी मोडले.

माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर वरवट बकाल. सातपुड्याच्या पायथ्याकडची माणसं मोकळी बोलतात, पण विमानाबद्दल ती अडीच वर्षांत फार बोलली नाही. शेडमध्ये चहा घेऊन यायची, पेला ठेवायची, एकदा सगळ्यावर नजर फिरवायची आणि जायची. तिला भीती वाटत होती हे मला दिसत होतं. मी त्यावर काय केलं? काही नाही. भीतीवर बोललो तर ती वाढेल, असा सोयीचा समज करून घेतला होता.

एकदाच तिने विचारलं होतं. त्या नळीवर मी लाल कापडाची टोपी घालून ठेवायचो, गांधीलमाशी आत घर करू नये म्हणून. तिने विचारलं, "याले एकट्यालेच काऊन टोपी?"

मी तेव्हा एका बोल्टशी झगडत होतो. मान वर न करता म्हणालो, "ते तोंड आहे त्याचं. त्यातून हवा घेते ते."

एवढंच. दुकानातल्या पोरांना मी मोटरची गुंडाळी अर्धा अर्धा तास समजावतो. बायकोला एका वाक्यात उडवून लावलं.

आता कोणालाही बोलवायचं नाही, या नियमाचं सांगतो. मी माझ्या साळ्याला सांगितलं, फक्त त्यालाच. दिवाळीनंतरचा एक गुरुवार ठरवला होता. तूर फुलावर होती, सकाळी वारा नसतो, ऊन चढेपर्यंत काळी माती तापत नाही. मी पहाटेच शेतात गेलो. टॉर्च घेऊन, कागद हातात धरून, एकेक ओळ वाचत पूर्ण तपासणी केली. नळीची टोपी काढली, आत पाहिलं, खूण केली. उस्ताद मागे हात बांधून उभे होते आणि काही बोलत नव्हते. मला धन्य वाटत होतं.

मग वरवटहून दोन जीप आल्या. साळा उतरला, मागून त्याचे मित्र, मित्रांचे चुलते, एक शाल, हार, नारळ आणि पेढ्यांचे दोन मोठे खोके. उंद्रीतले लोक तोपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमलेच होते. कुणी तरी डफडं आणलं होतं.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणं बोलावले बे?"

"मी नाही बोलावलं. ते आले."

"मंग आज उडायचं नाही."

खरं तर तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण माझ्या अंगात तेव्हा वेगळंच वारं होतं. अडीच वर्षं लोकांची टिंगल ऐकली होती. यांच्यासमोरच उडून दाखवायचं, असं आतून कुठेतरी मला हवंच होतं. साळ्याला सांगताना तो गप्प बसणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. मी उस्तादांना म्हणालो, "उस्ताद, वारा बिलकूल नाही. असा दिवस पुन्हा मिळणार नाही." ते बाजूला झाले. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, ते मला आजही आवडत नाही.

मग पूजा. आमच्याकडे नवी सायकल आणली तरी तिला कुंकू लागतं, विमानाला कसं सुटेल? बायको ताट घेऊन आली. हिरवं लुगडं नेसली होती, नाकात नथ. पंख्याला हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, हार कुठे अडकवावा यावर चार माणसांची चार मतं. नारळ फुटला, डफडं वाजलं. माणसं वाकून वाकून बघत होती, पंखाला हात लावून बघत होती, एक म्हातारा शेपटी हलवून बघत होता. बायको ताट घेऊन पंखाखालून दोनदा फिरली. मी पाहिलं ते एवढंच.

पूजा आटोपली तेव्हा ऊन वर आलं होतं. तपासणी पुन्हा करायची तर अर्धा तास, आणि अर्ध्या तासात वारा सुटला असता. मी विचार केला, पहाटे केलीच आहे. हार काढला, लिंबं बाजूला केली आणि बसलो.

इंजिन छान चाललं. पट्टीच्या टोकाला जाऊन विमान वळवलं, ताकद पूर्ण दिली. धुऱ्यावरची माणसं एका रंगाची झाली. मुरूम चाकाखाली खडखडला आणि मग खडखड कमी व्हायला लागली, म्हणजे वजन पंखांवर येऊ लागलं होतं. पांढरा झेंडा आला. मी काट्याकडे पाहिलं.

काटा शून्यावर.

नियम स्पष्ट होता. बांबू मी स्वतः रोवला होता, कापड माझ्या जुन्या धोतराचं होतं. हाताने पुढे जाऊन इंजिनाची ताकद काढून घ्यायला हवी होती. तो गेला नाही. मी स्वतःला म्हणालो, काटा अडकला असेल, सुटेल. सुटेल म्हणत असताना मला धुऱ्यावरची माणसं दिसत होती. नाक उचललं गेलं, पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. फार सुंदर वाटलं, खोटं कशाला बोलू. खडखड जवळजवळ थांबली. दांडा आणखी थोडा ओढला असता तर मी हवेत होतो.

तेव्हा लाल झेंडा दिसला आणि मी ताकद काढून घेतली. कशामुळे काढली, सांगता येत नाही. त्यात शहाणपण नव्हतं, घाबरलो होतो एवढंच. नाक खाली आदळलं, ब्रेक दाबले, विमान वाकडंतिकडं घसरत गेलं आणि तुरीपासून तीनचार हात अलीकडे थांबलं. इंजिन बंद केल्यावर पहिलं ऐकू आलं ते डफडं. वाजवणारा भान हरपून वाजवतच होता.

मग धुऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, "उडत नाही बे ते! फवारणीले वापरा त्याले!" आणि हशा पिकला.

उस्ताद पट्टीवरून चालत आले. त्यांना यायला वेळ लागला, गुडघे दुखायचे त्यांचे. मी उतरून उभा होतो. वाटलं, थांबलास हे बरं केलंस म्हणतील.

"पांढऱ्यालेच काऊन नाही थांबला?"

ते थेट पंखाखाली गेले, नळीत डोकावले, करंगळीचं नख आत घालून फिरवलं आणि नाकाला लावलं. मग बोट माझ्यासमोर धरलं. पिवळट, चिकट, आणि वेलदोड्याचा वास.

"पेढा हाय," ते म्हणाले.

गर्दीत बायको मागे, जांभळीपाशी उभी होती. आमची नजरानजर झाली आणि मला कळलं. तिला मात्र काय झालंय ते अजून कळलं नव्हतं. ती हसली, थांबल्याबद्दल, मी जमिनीवर असल्याबद्दल. मी लोकांना सांगितलं की बारीक बिघाड आहे, पुढच्या वेळी पाहू. साळ्याने उरलेले पेढे वाटले. न उडता पेढे खाणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

दुपारी घरी मी फार वाईट बोललो. सगळं लिहीत नाही. "माझा जीव गेला असता," हे पाच वेळा म्हणालो, दरवेळी आवाज चढवून. ती चुलीपाशी नव्हती, रडत नव्हती, समोर उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"तुमीच तं म्हणले होते, थे त्याचं तोंड हाय."

मग म्हणाली,

"पोळ्याले बैलाले पुरणपोळी देतो का नाही? नवी सून आली तं उंबऱ्यावर साखर देतो. मले बाकी काय येते? मले वाटलं, त्याचं तोंड गोड केलं तं थे तुमाले वापस आणून देईन."

हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. अडीच वर्षांची भीती तिने ज्या एका गोष्टीत घातली होती, ती नेमकी मला मारणारी निघाली होती. आणि ती गोष्ट तिच्या हातात मी दिली होती, मान वर न करता, बोल्ट पिळता पिळता. मला इतकी लाज वाटली की मी उठून शेतात निघून गेलो. नळीला तोवर मुंग्या लागल्या होत्या. काट्याकडची नळी सोडवून कोमट पाणी घातलं, सायकलच्या पंपाने वाळवली. काम तासाभराचं होतं, मी तीन तास लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला शेडमध्ये बोलावलं. म्हणालो, बैस, सांगतो. खरं सांगायचं तर मी माफी मागायला बोलावलं होतं. पण माफी मागता येईना, म्हणून विमान समजावायला लागलो. नळीपासून सुरुवात केली. तिने तळहातावर फुंकर मारून पाहिली आणि विचारलं, "हवा अडली तं काटा खाली राह्यते. मंग वर गेल्यावर अडली तं?" हा प्रश्न क्लबातल्या परीक्षेत मला आला होता आणि माझं उत्तर चुकलं होतं. चार सकाळी ती येत राहिली. पेट्रोलची नळी, दांडा, शेपटीच्या तारा. एका तारेच्या टोकाला पिन उलटी बसली होती, ती तिने दाखवली. चालली असती तशी, पण उलटी होती. माफी मी शेवटी चौथ्या दिवशी मागितली. ती म्हणाली, "हाव, समजलं," आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही तिघंच गेलो. मी, बायको, उस्ताद. साळ्याला तिनेच फोन करून सांगितलं होतं की पाहुणे, म्हणजे मी, गावाला गेलेत. तपासणीचा कागद मी मराठीत लिहून काढला होता. ती वाचायची, मी हात लावून उत्तर द्यायचो. सगळं झाल्यावर ती ताट घेऊन उभी राहिली आणि उस्तादांना विचारलं, "कुंकू कुठं लावू?" त्यांनी शेपटीच्या कापडावर एक जागा बोटाने दाखवली. तिने तिथे एकच बोट टेकवलं.

मग ताट बाजूला ठेवून कागद पुन्हा उचलला.

"चाला," ती म्हणाली. "पह्यल्या ओळीपासून."

उस्तादांनी काही म्हटलं नाही. म्हणजे बरोबर होतं.

ती पांढऱ्या झेंड्यापाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्याजवळून गेलो तेव्हा काटा वर चढत होता, आणि लाल झेंड्याच्या आत चाकं सुटली. शेताच्या वरच गोल फिरत राहिलो, सांगितलं होतं तसं, कुठेही बिघडलं तरी पट्टीवर परत येता येईल इतक्याच अंतरात. उंचीवर गेल्यावर वेग कमी करत करत विमान कुठे थरथरतं ते पाहून घेतलं, आकडा ध्यानात ठेवला, उतरताना त्याच्या बऱ्याच वर राहिलो. पंचवीस मिनिटं. लोक विचारतात वरून कसं दिसतं. उंद्री दिसली, तळं दिसलं, वेचणी झालेलं ते कपाशीचं वावर दिसलं. मला सगळ्यात जास्त काय दिसलं, तर पांढऱ्या झेंड्याजवळचा एक ठिपका, जो पंचवीस मिनिटं हलला नाही.

उतरताना विमान दोनदा उसळलं. उस्ताद नंतर त्यावर अर्धा तास बोलले.

इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि बसून राहिलो. बायको चालत आली. आधी पंखाखाली वाकली, नळीवर टोपी घातली, दोरी बांधली. मग माझ्याकडे येऊन पदराची गाठ सोडली. आत एक पेढा होता, जरासा चेंगरलेला. तो चिमटीत धरून तिने उस्तादांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"हे तोंड बरोबर हाय न?"

मी तोंड उघडलं.